दुष्काळातली पोरकी पोरं

1891 साली आपल्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांवर होती, दहा वर्षांनी ती साडेसहा लाखांच्या आत आली. मधे दोन मोठे दुष्काळ पडले. लोक गाव सोडून निघाले, की वाटेत आई-बाप दगावत आणि पोरं कुठल्यातरी बाजारपेठेत, देवळाच्या पायरीवर उरत.

अशा पोरांचं करायचं काय? ब्रिटिश मुलखात सरकारकडे 1850 चा कायदा होता: दहा ते अठरा वर्षांची अनाथ मुलं कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून द्यायची. मुंबईत 1857 पासून डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा होती. तिथे प्रामुख्याने पोलिसांनी पकडलेली मुलं यायची. म्हणजे भुकेल्या पोराला छप्पर हवं, तर आधी गुन्हा करावा लागे की काय, असं वाटतं!

वेगळी वाट आपल्याच लोकांनी या दुष्काळांच्या आधीच काढली होती. पंढरपूरला न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी 1875 साली टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम काढला; प्रार्थना समाजाने तो चालवला. पाठोपाठ 1876-77 चा दुष्काळ आला. 1877 मध्ये पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळातल्या मुलांना जेवू घातलं. तिथे ना पोलीस, ना दंडाधिकारी. पंढरपूरचा आश्रम तर अजून सुरू आहे.