चांदीपुरा : ताप मुलाला आला तर सकाळची वाट पाहू नका
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला, तरी आपण थांबलात याबद्दल आभार. विषय घरातल्या लेकरांचा आहे, म्हणून आम्ही थोडक्यात आणि स्पष्ट बोलतो.

सौंसर-पांढुर्ण्याला नागपूर परके नाही. सोयरिक तिथे, बाजार तिथे, मोठा दवाखानाही तिथेच. त्याच नागपुरात १९६५ साली तापाची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, रुग्णांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. तिथल्या चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळाले. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

साधा ताप आणणारा म्हणून पुढे त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९८० मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात मेंदूच्या आजाराच्या रुग्णात तो पुन्हा आढळला. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. तपासात चांदीपुराच निघाला. जुनी नोंद जपलेली होती, म्हणूनच ओळख पटली. २००७ मध्ये नागपूर विभागात मुलांना त्याची लागण झाली. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ८२ दगावले. त्या २४५ पैकी ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला.

हा विषाणू मुख्यतः वाळूमाशी पसरवते. ती डासापेक्षा बरीच लहान, मातकट रंगाची. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा, शेणाचे ढीग, ओलसर अंधाऱ्या जागा हे तिचे घर. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत येते, म्हणून बारीक जाळीची मच्छरदाणी घ्या. पोळ्याच्या आधी आपण घर-गोठा सारवतो, तेव्हाच भेगा लिंपून घ्याव्यात. शेणाचा ढीग घरापासून लांब न्यावा. संध्याकाळी मुलांना अंगभर कपडे घालावेत.

आजार झपाट्याने वाढतो. एकाएकी जोराचा ताप, उलट्या, मग झटके, गुंगी, बेशुद्धी. काही मुले एक-दोन दिवसांतच जातात. त्यावर लस नाही, विषाणू मारणारे खास औषधही नाही. पण ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणे हे दवाखान्यात करता येते. ते वेळेत झाले तर मूल वाचू शकते.

म्हणून आमची तीन मागणी आहेत.

पहिली, तापात मुलाला झटका आला, ते ओळख देईना किंवा सारखे झोपू लागले, तर झाडफूक, अंगारा किंवा ‘उद्या बघू’ यात रात्र घालवू नका. गाडी काढा.

दुसरी, झटका आला असता मुलाला कुशीवर झोपवा. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नका. कांदा किंवा जोडा हुंगवू नका.

तिसरी मागणी सगळ्यांत अवघड. डॉक्टर पाठीतले पाणी तपासायला हवे म्हणतात, तेव्हा घरचे घाबरतात. ‘पाणी काढले की पोर अधू होते’ ही समजूत आम्ही कितीदा ऐकली आहे. तसे होत नाही. डॉक्टर मुलाची अवस्था पाहूनच ती तपासणी करतात. बॅक्टेरियामुळे झालेला मेंदूज्वर त्यातून कळतो, आणि त्यावर औषध आहे. जपानी मेंदूज्वरही कळतो, आणि त्याची लस आहे. पाणी तपासलेच नाही, तर डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.

१९६५ साली दोन रुग्णांच्या रक्ताचे नमुने मिळाले, म्हणून पुढच्या पिढीला या आजाराचे नाव कळले. आपल्या संमतीचा एक नमुनाही उद्या कुणाच्या तरी लेकराच्या कामी येईल.

बाप्पा सर्वांच्या लेकरांना सुखरूप ठेवो. मात्र गाडी वेळेवर काढणे आपल्याच हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!