स्वित्झर्लंडचे चार मिनार

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याला बर्फ, घड्याळे आणि हिंदी चित्रपटांतली गाणी आठवतात. फार तर बँका. त्या देशाच्या राज्यघटनेत मशिदींच्या मिनारांविषयी एक तरतूद आहे, हे तिथे सहलीला जाऊन आलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. कलम ७२ च्या तिसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य आहे : मिनार बांधण्यास मनाई आहे. २९ नोव्हेंबर २००९ रोजी झालेल्या सार्वमताने ते घटनेत आले. मतदान करणाऱ्यांपैकी ५७.५ टक्के लोकांनी त्याला होकार दिला.

त्या दिवशी देशात मिनार होते किती? चार. मुसलमान सुमारे चार लाख, आणि मिनार चार. त्यांतल्या एकावरूनही रस्त्यावर ऐकू येईल अशी अजान दिली जात नव्हती.

सर्वांत जुना मिनार झुरिकचा. अहमदिया पंथाची ही मशीद १९६३ साली उघडली, तीही एका चर्चच्या समोर. उद्घाटनाला आले होते सर जफरुल्ला खान. फाळणीपूर्वी ते दिल्लीच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश होते, पुढे पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री झाले आणि त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते. जाता जाता सांगतो : याच अहमदियांना पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून ‘मुसलमान नाहीत’ असे ठरवले. त्यांच्या प्रार्थनास्थळांचे मिनार तिथे पोलिसांनीच पाडल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत घडल्या आहेत. मिनाराचे वावडे ही काही एकट्या युरोपची मक्तेदारी नाही.

झुरिकच्या मिनाराने चाळीसएक वर्षे कोणाची झोप मोडली नाही. वाद पेटला तो वांगेन नावाच्या लहानशा गावात. तिथल्या तुर्की मंडळाने २००५ मध्ये आपल्या इमारतीच्या छपरावर मिनार उभारण्याची परवानगी मागितली. उंची सुमारे सहा मीटर, म्हणजे जेमतेम वीस फूट. गावकऱ्यांनी हरकती घेतल्या, स्थानिक बांधकाम समितीने नकार दिला, कॅन्टनने, म्हणजे तिथल्या राज्याने, तो फिरवला आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. २००९ च्या जानेवारीत मिनार उभा राहिला. पण तोवर विरोधकांनी दुसरी वाट धरली होती. स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत एक लाख मतदारांच्या सह्या जमवल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट जनतेपुढे नेता येतो. त्यांनी त्या जमवल्या.

सरकारने प्रस्ताव फेटाळण्याचे आवाहन केले, संसदेनेही केले. कॅथलिक बिशपांची परिषद विरोधात होती, ज्यूंची संघटनाही होती. मतदानपूर्व चाचण्या सांगत होत्या की प्रस्ताव पडणार. प्रचाराचे भित्तिपत्रक मात्र बोलके होते : स्विस झेंड्यावर क्षेपणास्त्रांसारखे रोवलेले काळे मिनार आणि पुढे बुरख्यातली स्त्री. काही शहरांनी ते सार्वजनिक जागी लावू दिले नाही, काहींनी दिले. जिनिव्हा, व्हो, नोशातेल आणि बासेल शहर, एवढ्यांनीच नकार दिला. जिनिव्हात तर मिनार असलेली मशीद होती आणि मुसलमान वस्तीही मोठी. उलट आपेनझेल इनररोडेन या डोंगराळ कॅन्टनमध्ये मुसलमान अगदी थोडे, तिथे सत्तर टक्क्यांहून अधिक मते बंदीला पडली. शेजाऱ्याची भीती शेजारी नसतानाच अधिक वाटते की काय, न कळे.

होकार देणारे सगळेच द्वेष्टे होते असे मी मानत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतरचा तो काळ होता. माद्रिद आणि लंडनचे बॉम्बस्फोट ताजे होते. मुसलमान स्त्रियांच्या हक्कांची काळजी वाटून काही स्त्रीवादी महिलांनीही बंदीची बाजू घेतली. पण त्यांचा मुख्य युक्तिवाद मला पटत नाही. ते म्हणत, नमाजाला मिनार लागत नाही, मग बंदी घातल्याने धर्मस्वातंत्र्याला बाधा कशी? लागत नाही, हे खरेच. चर्चला मनोरा तरी कुठे लागतो, देवळाला शिखर कुठे लागते? ऑस्ट्रियाच्या सम्राट जोसेफने १७८१ मध्ये प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली, तेव्हा त्यांच्या प्रार्थनाघरांना मनोरा नको, घंटा नको आणि रस्त्याकडे दारही नको, अशा अटी घातल्या होत्या. त्याला तेव्हा ‘सहिष्णुता’ म्हणत. उपासना करा, पण दिसू नका, हा त्याचा अर्थ. अशी मुभा हक्क नसते, मेहरबानी असते.

स्वित्झर्लंडला हे नवे नव्हते. बराच काळ तिथल्या ज्यूंना एंडिंगेन आणि लेंगनाऊ या दोनच गावांत कायम वस्तीची मुभा होती. एंडिंगेनमध्ये चर्चच नाही. सिनेगॉगवर घड्याळ आणि घंटा आहे आणि गावाला तास तिथूनच कळायचे. त्याच देशात १८९३ साली, नव्याने मिळालेल्या अधिकाराचा उपयोग करून जनतेने जो पहिला प्रस्ताव संमत केला, तो होता जनावराला बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी घालणारा. प्राणिदया हे कारण होतेच, पण रोख ज्यूंच्या धार्मिक रीतीवर होता. जेझुइटांवरची बंदी १९७३ पर्यंत घटनेत होती. तीही सार्वमतानेच उठली, हे नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे असे कलम आले असते तर ते न्यायालयात टिकले असते का, असा प्रश्न पडतो. १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर आपले सर्वोच्च न्यायालय घटनादुरुस्तीही तपासू शकते. स्विस न्यायालयाला संसदेने केलेला साधा कायदाही रद्द करण्याचा अधिकार नाही. जनतेने मंजूर केलेले घटनेचे कलम तर दूरच. म्हणून दोन याचिका स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये त्या दाखल करून घेण्यासच न्यायालयाने नकार दिला. अर्जदारांना स्वतःला मिनार बांधायचा नाही, तेव्हा बंदीची प्रत्यक्ष झळ त्यांना लागलेली नाही, असे कारण दिले. मूळ प्रश्नावर निर्णय झालाच नाही.

तो व्हायचा तर एखाद्या मंडळाने नकाशा काढून नगरपालिकेत जायचे, नकार घ्यायचा, लोझानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढायचे, हरायचे आणि मग पुन्हा स्ट्रासबुर्गला जायचे. तिथल्या बहुतेक मशिदी म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, भाड्याच्या जागेतल्या खोल्या. बाहेर लहानशी पाटी, आत गालिचे, आणि भाड्यासाठी दर महिन्याला गोळा होणारी वर्गणी.