घरी बांधलेली गाडी आणि तिचं वायरिंग

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. घराच्या अंगणात रेसची गाडी बांधायची, तिला टर्बो बसवायचा आणि तिचं वायरिंग करायचं, यावर आज बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? पण आपली भेंडी-काकडी कल्याणच्या बाजारात नेणाऱ्या पिकअपलाही बहुतेक टर्बो असतो, आणि वायरिंग तर असतंच. शिवाय अशा गाडीसाठी उद्या गटातल्याच कुणाचा मुलगा कर्ज मागायला येईल. आणि तिसरं म्हणजे, हे काम आपल्या मुलींना जमण्यासारखं आहे.

आधी टर्बो समजून घेऊ. चुलीत लाकूड आहे, पण जाळ धरत नाही. आपण काय करतो? फुंकणी घेतो. हवा मिळाली की जाळ उठतो. इंजिनाचंही तसंच. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. ती फुंकतो इंजिनातून बाहेर पडणारा धूर. त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. १९०५ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं.

हा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो आणि भयंकर तापतो. त्याला सांभाळतं ते इंजिनाचं ऑइल. म्हणून माळशेज किंवा कसारा घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. मिनिटभर नुसती चालू ठेवावी, म्हणजे ऑइल फिरत राहतं आणि टर्बो निवतो. घरच्या ड्रायव्हरला हे जरूर सांगा.

आता वायरिंग. ट्रॅक म्हणजे फक्त रेससाठी बांधलेला बंद रस्ता. त्यावर पळवायची गाडी घरी बांधणारे बहुतेक जण जुनी गाडी घेतात. मागच्या सीट, आतला पत्रा-कापड काढून टाकतात, वजन कमी करतात. जुनं वायरिंगही उपसतात आणि लागेल तेवढंच नव्याने बांधतात. इंजिन, पेट्रोलचा पंप, पंखा, दिवे. इंजिनावर ताकद चढवणं सगळ्यांना आवडतं. पण अशी गाडी मध्येच बंद पडते किंवा पेटते, तेव्हा पुष्कळदा दोष एखाद्या सैल जोडाचा किंवा सोललेल्या वायरचा निघतो.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिचा झटका बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण वायर पत्र्याला टेकून शॉर्ट झाली, की तीच बॅटरी वायर लालबुंद करते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट फ्यूजची. फ्यूज वायरला वाचवतो. ५५ वॉटचे दोन दिवे असतील तर ११० भागिले १२, म्हणजे साधारण ९ अँपिअर करंट. तिथे १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, आणि वायर त्याहून जास्त करंट सोसणारी हवी. फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवायचा. फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणं म्हणजे आगीला दार उघडून देणं.

दुसरी गोष्ट रिलेची. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण आठवा. बोट लहान बटणावर, मोठा करंट आत पेटीतून जातो. रिले तेच काम करतो. पंखा, पंप, मोठे दिवे रिलेवरच घ्यावेत, नाहीतर स्विच जळतो.

तिसरी गोष्ट वायर कुठून न्यायची याची. टर्बोपासून आणि धुराच्या नळीपासून लांब. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर हवं, नाहीतर हादऱ्याने साल घासून निघते. गाडीत परतीचा करंट पत्र्यातून जातो. म्हणून अर्थिंगची वायर रंग खरवडून, उघड्या लोखंडावर घट्ट आवळायची.

इंजिनिअरिंगची मुलं-मुली स्वतः गाड्या बांधून फॉर्म्युला भारत या स्पर्धेत उतरतात. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ती भरत आली आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघही तिथे जातात. गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी तपासणी होते. सगळी वीज एका फटक्यात तोडणारा मुख्य स्विच बाहेरून हाताला येतो का, हेही बघतात.

कुणी म्हणेल, हे शिकल्या-सवरलेल्यांचं. तर सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे गाव बघा. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बांधली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साधारण ६० हजार रुपये. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण अशी गाडी रस्त्यावर नियमात बसत नाही हेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाला तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली.

यातला कायद्याचा मुद्दा पक्का धरा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रॅकची गाडी दुसऱ्या गाडीवर चढवूनच ट्रॅकपर्यंत न्यायची असते. म्हणून गटाकडे अशा गाडीसाठी कुणी कर्ज मागितलं, तर विचारा: ही चालवणार कुठे? कमाई कशातून? वायरिंग कोण करणार, आणि तो कुठे शिकला? उत्तरं नसतील, तर गाडीऐवजी आधी शिकण्यासाठी पैसे द्या. वायरिंगचं काम येणाऱ्याला प्रत्येक नाक्यावर गिऱ्हाईक आहे.

आणि हे काम बाईच्या हाताला नवं नाही. गाडीच्या वायरींचे गुच्छ जगभर अजूनही मोठ्या प्रमाणात हातानेच बांधतात, आणि त्या कारखान्यांत बायका खूप असतात. २०२२ साली युद्धामुळे युक्रेनमधलं हे काम थांबलं, तेव्हा जर्मनीतल्या फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या कारखान्यांना गाड्या बनवणं थांबवावं लागलं. एवढी किंमत आहे त्या बोटांच्या कामाला. रंग ओळखणं, टोक सोलणं, गाठ नीट बसवणं, घाई न करणं. गोधडी शिवणाऱ्या, वारलीची बारीक रेघ ओढणाऱ्या हातांना हे का येणार नाही?

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन कामं करा. गावच्या पिकअपचा फ्यूजचा डबा ड्रायव्हरला उघडायला लावा. आत तार गुंडाळलेली दिसली, तर नवीन फ्यूज बसवल्याशिवाय माल चढवू नका. आणि दहावी झालेली मुलगी घरी असेल, तर तिला घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जा. इलेक्ट्रिशियन, वायरमन, मोटर मेकॅनिक, यातलं काय शिकवतात आणि अर्ज कधी निघतात, ते विचारून या. पुढच्या बैठकीत गटाला सांगा.