यकृताच्या पेशीत अमिनो आम्लं शिरतात कशी?

डाळ-उसळीतली प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात आणि रक्तावाटे आधी यकृतात पोचतात. पण यकृतपेशीभोवतीचं मेदाचं पटल त्यांना सहजी आत शिरू देत नाही. पटलात रुतलेली वाहक प्रथिनं हे काम करतात. अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाची ने-आण मुख्यतः ‘ए’ नावाची वाहक प्रणाली करते, तर ग्लुटामिन आणि हिस्टिडिनची ‘एन’ प्रणाली. ही ‘एन’ प्रणाली अमेरिकेतले हॅल्वर क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली उंदराच्या यकृतपेशींत ओळखली.

आता ही प्रथिनं तपासायची कशी? प्रथम यकृत थंड ठेवून बारीक करतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून पटलं वेगळी काढतात. मग भांड्याचा ओशटपणा साबणाने सुटावा, तशी अपमार्जकाने प्रथिनं मेदातून सोडवतात. अपमार्जक फार तीव्र असला तर प्रथिनाची घडी मोडते आणि ते निकामी होतं.

पण सुटं प्रथिन वाहून नेणार कुठून कुठे? त्याला आत आणि बाहेर हवं. म्हणून त्यात मेद मिसळून अपमार्जक काढून घेतात. मेदाच्या सूक्ष्म पिशव्या तयार होतात आणि प्रथिनं त्यांच्या भिंतीत बसतात. बाहेर किरणोत्सारी अ‍ॅलनिन घालून आत किती गेलं ते मोजतात. सोडियमऐवजी पोटॅशियम वापरल्यावर वहन मंदावलं, तर वाहक सोडियमवर चालणारा आहे, हे कळतं.

उपाशीपोटी यकृत याच अ‍ॅलनिनपासून साखर बनवतं. त्यामुळे मधुमेहाच्या अभ्यासातही या वाहकांना महत्त्व आहे.