भगताच्या सुपातले दाणे



यंदाच्या मालेसाठी विषय कोणता घेणार, असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा 'आपल्या शेजारचा भगत' असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे अंधश्रद्धेवरच ना?" मी उत्तर दिले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले असते, तर आपणांस या उकाड्यात बसवून ठेवण्याचे कारणच उरले नसते.

कल्याणहून कसाऱ्याची गाडी धरली, की तासाभराच्या आत आसनगाव, आटगाव येते. तेथून आत शिरले, की ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या लागतात. आणि जव्हार, डहाणूकडे गेले, की वारल्यांचे पाडे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि यांतले पुष्कळसे पाडे कागदोपत्री आपल्या जिल्ह्याबाहेर गेले. पण भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर विटा थापायला येणारे हात आजही तेथलेच आहेत. या वस्त्यांत ज्याच्या शब्दाला वजन असते, तो भगत. मी मुख्यतः वारल्यांच्या भगताविषयी बोलणार आहे.

मूल तापाने फणफणले, गाय आटली, पोरीचे लग्न जमेना, की माणूस भगताकडे जातो आणि दाणे पाहायला सांगतो. भगत सुपात तांदळाचे दाणे टाकतो, पुटपुटतो, दाणे चाळवतो, पुन्हा पाहतो. आणि कोणाचा कोप झाला ते सांगतो. हिरवा देव रुसला असेल, वाघदेवाचा मान चुकला असेल, पितरांचे काही राहून गेले असेल. नुसत्या दाण्यांनी उलगडा झाला नाही, तर भगताच्या अंगात वारे येते. 'वारे' हा शब्द मला फार नेमका वाटतो. वारा दिसत नाही; झाड हलते तेवढे दिसते.

जव्हारकडच्या एका पाड्यावर मी ते रात्रभर पाहिले आहे. कुडाच्या खोपटात एक दिवा, कोपऱ्यात मोरपिसांचा जुडगा, म्हणजेच हिरवा देव, आणि भगताच्या हातात घांगळी. घांगळी म्हणजे बांबूच्या दांडीला दोन भोपळे लावलेले तंतुवाद्य. तिच्या एकसुरी नादावर तो कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गात होता. मध्यरात्र उलटल्यावर त्याची मान हलू लागली, मग खांदे, मग सगळे अंग. आणि दिवसा माझ्याकडे लाजत विडी मागणारा तो किडकिडीत म्हातारा एकदम दरडावून बोलू लागला. भोवतालची मंडळी भेदरली नव्हती. ती त्याच्याशी वाद घालीत होती! "दोन कोंबडी कशाला? मागच्या साली दिली की!" देवाशी अशी घासाघीस आपल्याकडच्या देवळात करण्याची छाती कोणाची होईल?

हा प्रकार एकट्या वारल्यांचा नव्हे. चीनच्या छिंगहाय प्रांतात पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात मंगघुअर नावाचे शेतकरी लोक राहतात. त्यांची भाषा मंगोल कुळातली. पीक हाती आले, की त्यांच्या गावोगाव 'नादुन' नावाची जत्रा भरते, आणि ज्याच्या अंगात गावचा देव येतो तो 'हुआला' भर जत्रेत घुमतो. हजारो कोसांवरची माणसे. आपल्याशी त्यांचा काडीइतका संबंध नाही. तरीही सुगीनंतर सगळ्या गावासमक्ष देवाला एका माणसाच्या तोंडून बोलते करावे, असे त्यांनाही वाटले.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? डोंबिवलीतल्या किती दिवाणखान्यांत वारली चित्रे टांगलेली आहेत! गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही चित्रे शहराला ठाऊक झाली होती. पण तो चौक मुळात लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी लिहितात. त्यात पालघट देवी बसते, लग्न धवलेरी लावते आणि चौकापुढे भगत घुमतो. चित्र आपण घरी आणले. भगताला मात्र दाराबाहेर ठेवले. आपल्याच आगरी गावांतल्या धवलारणीची आठवण येथे कोणाला झाली असेल, तर ती अस्थानी नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भगत टिकतो कशाने? लोक अडाणी आहेत म्हणून, असे सोपे उत्तर आपण देतो. ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड या विद्वानाने आफ्रिकेतील अझांदे लोकांवर १९३७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला एक दाखला या विषयाची किल्ली आहे. धान्याचे कोठार कोसळते आणि खाली सावलीला बसलेली माणसे चिरडतात. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदे जाणतात. त्यासाठी त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांचा प्रश्न निराळा असतो: नेमकी हीच माणसे खाली बसली असताना, नेमके त्याच घटकेला ते का कोसळावे? आमचे डॉक्टर ताप कशाने आला ते सांगतात. माझ्याच पोराला का, याचे उत्तर त्यांच्या शास्त्रात नाही, आणि नसावे हेच योग्य. भगत त्या 'का'चे उत्तर देतो. तो घराला रात्रभर सोबत करतो, शेजाऱ्यांना एका दिव्याभोवती बसवतो, रुसलेल्या भावाला बोलावून घेतो. एवढ्याने कितीतरी माणसांना बरे वाटते, आणि ते बरे वाटणे खोटे असते असे मी म्हणणार नाही.

पण त्या 'का'ला एक भयंकर उत्तर आहे. ते म्हणजे भुताळी. कोप देवाचा नाही, पितरांचा नाही, तर पाड्यावरच्या कोण्या बाईची नजर आहे, असे दाणे सांगतात. ती बाई बहुधा विधवा असते, एकटी असते, कधी जिभेची तिखट असते, कधी तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते. वारल्यांत भगत हा बहुधा पुरुषच, आणि भुताळी ही बाई. या वाटणीकडे आपले लक्ष जावे. मी सांगितलेल्या त्या रात्री कोंबड्यावर भागले. त्याच पाड्यावर दोन वर्षांनी गेलो, तेव्हा पश्चिमेच्या कडेचे एक खोपट मोडून पडले होते. "बाई कुठे गेली?" असे विचारले, तर कोणी नीट बोलेना. "भावाकडे गेली," असे एक पोर म्हणाले. त्या पोराच्या आईने त्याला आत ओढून घेतले. मी पुढे विचारले नाही. विचारायला हवे होते.

१९४५ च्या जानेवारीत येथून हाकेच्या अंतरावर, टिटवाळ्यास, किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे आलेले वारली परत गेले आणि त्यांनी वेठबिगार झुगारून दिली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. ज्या सावकारासमोर मान वर होत नव्हती, त्याच्यासमोर ही माणसे ताठ उभी राहिली. पण सावकाराचे भय गेले त्या वेगाने भुताळीचे भय गेले नाही. सावकार वाड्यात राहत होता, त्याच्यावर मोर्चा नेता आला. भुताळी शेजारच्या खोपटात राहते.

यासाठी आज कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, अशी त्यात शिक्षा आहे. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हाही गुन्हा आहे. कायदा पूजेला बंदी करीत नाही, हे त्याच्या विरोधकांना अनेकदा सांगावे लागले.

सापाचे कलम मला फार मोलाचे वाटते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री झोपेत चावते. पुष्कळदा ना सूज, ना ठणका. माणूस पहाटे पोट दुखते म्हणतो, पापण्या जड झाल्या म्हणतो, आणि पुढे त्याचा श्वास थांबतो. त्यावर उतारा प्रतिविषाच्या सुईचा, आणि गरज पडल्यास श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राचा. भगताच्या अंगणात गेलेले दोन तास कोणी परत देऊ शकत नाही. त्यातही घोटाळा असा, की पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष टोचतोच असे नाही. तेव्हा भगताकडे नेलेली बरीच माणसे खरोखरच जगतात, आणि त्याचा यश आल्याचा बोलबाला होतो. तो लबाडी करतो असे नव्हे. त्याचाही त्यावर विश्वास बसतो.

तर मग भगताला पोलिसांच्या हवाली करावे काय? बाईचे नाव घेईल त्याला जरूर करावे. बाकीच्यांच्या बाबतीत मला गडचिरोलीची वाट पटते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तेथे दवाखाना उभारला, तो गोंडांच्या गावाच्या धर्तीवर, आणि त्याला नाव दिले त्यांच्याच देवीचे: माँ दंतेश्वरी. देवी दाराशी आहे आणि सुई आत आहे. भगतालाही हे सांगता येते, की बाबा, दाणे पाहा, नारळ फोड, पण आधी गाडी बोलाव. दवाखान्यातून आल्यावर रात्रभर घांगळी वाजव. मी हे एका भगताला सांगून पाहिले आहे. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी येते का पावसात?"

मोखाड्याकडचे ओढे आषाढात कसे भरतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचा प्रश्न कळेल. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसतो आहे. तेव्हा आपले प्रश्न असतील ते आता ऐकतो.