देशमुख बोलतोय



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी माझ्या मुलीला नागपुरात एमएस्सीला प्रवेश मिळाला आणि आम्ही दारव्ह्याची माणसं किरायाचं घर शोधत मनीषनगरात येऊन पोचलो. मनीषनगरच का? एकेकाळी ही वस्ती म्हटली की रेल्वे फाटक आठवायचं. आता पूल झाला, भुयारी मार्ग झाला, आणि उज्ज्वलनगरच्या स्टेशनावर मेट्रोत बसलं की थेट सीताबर्डी. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीची पोरं याच हिशेबाने इथे राहतात.

माझं आडनाव देशमुख. देशमुखी हे परगण्याच्या महसुलाचं वतन. ज्याच्याकडे आलं तो देशमुख. वऱ्हाडात मुसलमान देशमुखही आहेत, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यात जन्मभर मराठीत कविता लिहिलेली, म्हणून बोलण्यातही काही वेगळं सापडत नाही. फोनवर ‘देशमुख बोलतोय’ म्हटलं की पलीकडचा आवाज मऊ व्हायचा. ‘या ना साहेब, घर आपलंच समजा.’

पहिलं घर फार आवडलं. दोन खोल्या, गॅलरीसमोर कडुनिंब. किराया ठरला, डिपॉझिट ठरलं, चहा आला. मालकांनी वही उघडली आणि पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. पेन थांबलं. ‘मला काही नाही हो, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत.’ माणूस वाईट नव्हता. फाटकापर्यंत सोडायला आला. दुसऱ्या घरी मालकाच्या पुतण्याला नेमकी त्याच दिवशी नागपुरात बदली मिळाली. तिसरीकडे ‘नॉनव्हेज चालत नाही’ असं कळलं. चालत नसेल तर आम्ही शिजवणार नव्हतो, पण त्याच जिन्यात सावजी मसाल्याचा वास दरवळत होता!

परतताना मुलगी म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही अर्धंच नाव का सांगता?’

मला राग आला. आडनाव माझंच आहे, खोटं कुठे बोललो? पण त्या आडनावाने दार उघडतं हे मला ठाऊक होतं, आणि मी ते उघडू देत होतो. मुलीने ते तीन दिवस पाहिलं होतं.

मी वकील नाही, बी. ए. झालेला माणूस. तरी त्या रात्री संविधानाचं १५ वं कलम काढून वाचलं. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते, सगळ्यांची नावं आहेत. किरायाचं घर नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर स्वतः १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या माणसाला कुणी घर देईना. पारशांच्या विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि लाठ्या घेतलेल्या माणसांनी तिथूनही हाकललं. आठवणींत त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. माझं दुःख त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण लावलेल्या नावाची ती गोष्ट वाचून झोप लागली नाही.

सकाळपासून फोनवर पहिलं नाव आधी, आडनाव मागून. कुणाची खोली कालच गेली होती, कुणी नुसता फोन ठेवला. पायपीट मात्र वाचली. दुपारी एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. ‘नाव कळलं,’ त्या म्हणाल्या, ‘मोटर वेळेवर बंद कराल का ते सांगा. मागच्या पोरांनी टाकी वाहती ठेवली.’

बाईंना अकरा महिन्यांचा करार साध्या स्टँपपेपरवर हवा होता. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. महाराष्ट्रात तसं नाही. विदर्भात आधी १९४९ चा सी. पी. अँड बेरारचा आदेश होता. किरायेदाराला नोटीस द्यायलाही कंट्रोलरची परवानगी लागे, म्हणून जुनी माणसं घर रिकामं ठेवत, पण किरायाने देत नसत. मग भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरतात.

‘म्हणजे नोंदला नाही तर फायदा तुमचाच?’ बाई म्हणाल्या.

‘हो.’

‘मग तुम्हीच का मागे लागलात?’

‘माझं पूर्ण नाव त्यात लिहिलेलं असेल,’ मी म्हणालो.

नोंदणीच्या वेळी माझा अंगठा यंत्रावर उमटेना. बाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला, म्हणाल्या, पुसा आणि पुन्हा ठेवा. तिसऱ्या खेपेला उमटला.

मोटर सकाळी सहाला लावतात. साडेसहाला बंद. मुलगी गजर लावून झोपते.