एकाच नावाचे दोन पूर्वज
(उपासकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आज मी आपणांपुढे वरवर घरगुती वाटणारा, परंतु आपल्या हक्कांशी निगडित असलेला एक विषय मांडणार आहे.

आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल होती. समजा, केरूचा मुलगा दगडू. दगडूने आपल्या मुलाला बापाचे नाव दिले. त्या केरूने पुन्हा आपल्या मुलाचे नाव दगडू ठेवले. म्हणजे आजोबाही 'दगडू केरू' आणि नातूही 'दगडू केरू'! जुन्या दप्तरात आडनाव क्वचितच असे; 'दगडू वल्द केरू महार' एवढीच ओळख. शिवाय मुले जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. त्यामुळे एकाच वस्तीत तीन-तीन दगडू सापडतात. या सारखेपणामागे आपल्या आयांनी गमावलेली लेकरे आहेत, हे विसरू नका.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. परंतु महाराष्ट्रात जातपडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. तो वाडवडिलांच्याच नावावर असणार. कागद दुसऱ्याच दगडूचा निघाला, तर वंशावळीशी मेळ बसत नाही आणि मुलाचा प्रवेश अडून राहतो.

मग शोध कसा करावा? स्वतःपासून आरंभ करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रत्येक दगडूसाठी स्वतंत्र कागद घ्या. त्यावर बाप, आई, पत्नी, गाव आणि मृत्यूचे साल लिहा. कोतवाल बुकात पुष्कळदा 'केरूस मुलगा' एवढेच असते, बाळाचे नाव नसते. तेवढ्यावरून निर्णय करू नका. शाळेच्या नोंदवहीतील १ जून ही जन्मतारीखही बहुधा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. साल मात्र पाहा. आजोबा १९३१ साली वारले असतील, तर १९४८ च्या कागदावरील अंगठा त्यांचा नव्हे.

सर्वांत उपयोगी पडतो तो वारसनोंदीचा फेरफार. त्यात मयताचे नाव, त्याची विधवा आणि मुले यांची नोंद असते. १९५८ च्या कायद्याने महार वतने नष्ट झाली. वतनी जमीन असलेल्या घरांनी त्या सुमाराचे फेरफार अवश्य पाहावेत. दगडू अनेक असतील, पण त्यांच्या बायकांची नावे सहसा निराळी असतात. ज्या आजीचे नाव आपण वंशावळीत लिहिलेच नाही, तीच हा गुंता सोडविते.

म्हणून आज घरी गेल्यावर वृद्ध आत्याला, चुलतीला विचारा आणि लिहून ठेवा. खात्री पटत नसेल, तर दोघांपैकी एकाला घाईने आपला पूर्वज ठरवू नका. ज्यांना दप्तराने एका ओळीत संपविले, त्या प्रत्येकाला त्याची स्वतंत्र ओळख परत देणे, हे आपले कर्तव्य आहे.

जय भीम!